शून्य रिश्टरचा भूकंप

नांदेडात गृहप्रवेशाला गेलं की जेवणाआधी घर बघावं लागतं. तो नियमच आहे. घर कौठ्याला असो की तरोड्याला, यजमान पुढे आणि आपण मागे. हा हॉल. हे पीओपी, कारागीर खास हैदराबादचा. हे मॉड्युलर किचन, ह्या ट्रॉल्या बघा, बोट लावलं की आपोआप मिटतात. ही मुलांची बेडरूम, ही आमची. टीव्हीमागच्या भिंतीला साठ हजार गेले, पण लुक आला की नाही? आला. फरशीत तोंड बघा, दिसतंय का? दिसतंय. मग जिन्याखाली, इन्व्हर्टरच्या शेजारचं एक दार अर्धवट उघडून यजमान आवाज खाली आणतात, ‘ही आई-अण्णांची खोली,’ आणि दार ओढून घेतात. तिथं बघण्यासारखं काही नसतं. तिथं फक्त माणसं राहतात.

अण्णांच्या खोलीतून बाथरूमला जायचं तर अख्खा हॉल ओलांडायचा, त्याच तोंड दिसणाऱ्या फरशीवरून. बाथरूमच्या दाराशी तीन इंचांचा उंबरा, आतलं पाणी बाहेर येऊ नये म्हणून. आतली फरशी बाहेरच्यापेक्षा आणखी खाली. हाताला धरायला काय, तर टॉवेलचा दांडा, आणि तो दोन बारक्या स्क्रूंवर लटकलेला. एवढं घर पाहुण्यांसाठी बांधलेलं असतं. पाहुणे एकदा येतात, जेवतात, ‘लई भारी’ म्हणतात आणि जातात.

घर माणसाला मारू शकतं हे मराठवाड्याला कुणी सांगायची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चार मिनिटं कमी. गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं काही सेकंदांत बसली. सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंपानं मारलं असं आपण म्हणतो; खरं तर मारलं ते घरांनी. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, डोक्यावर माळवद, आणि गळू नये म्हणून माळवदावर वर्षानुवर्षं चढवलेली माती. बऱ्याच घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, ढासळल्या त्या भिंती. भिंतीचा आतला पदर आणि बाहेरचा पदर एकमेकांना धरूनच नव्हते. मधे नुसता चिखल आणि दगडाच्या कपच्या.

तेव्हा इंजिनिअर मंडळींनी साधी गोष्ट सांगितली होती. उभं असलेलं घर पाडू नका. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडा, त्यात सळई घालून काँक्रीट भरा, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना बांधले जातील. भिंतीच्या माथ्यावर पट्टा घ्या. माळवदावरची माती कमी करा. खांब-तुळईच्या जोडाला तिरके टेके द्या. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा कार्यक्रम झाला, 52 गावं नव्या जागी वसवली गेली, आणि त्याखेरीज तेरा जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्ती-मजबुतीला पैसे मिळाले. लोकांनी पैसे घेतले आणि बहुतेकांनी जुन्या घराला बोटही न लावता शेजारी एक नवी खोली बांधली. तेव्हा लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता, हे खरं. पण आणखी एक गोष्ट खरी आहे. नवी खोली दिसते. भिंतीतली सळई दिसत नाही.

आमची गाडी अडते ती इथंच. नवं बांधायला आम्ही कर्ज काढू, सोनं मोडू, रान विकू. आहे त्याची डागडुजी करायची म्हटलं की आम्हाला कमीपणा वाटतो.

आता आरसीसीचा जमाना आहे. भिंती पडत नाहीत, माणसं पडतात. जमीन हलत नाही, धुरळा उडत नाही, हेलिकॉप्टरनं कुणी मंत्री येत नाही. रात्री दोन वाजता बाथरूममधून बादली कलंडल्याचा आवाज येतो आणि खुब्याचं हाड मोडतं. रिश्टरवर शून्य. जगात दरवर्षी 6 लाख 84 हजार माणसं नुसती पडून मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात सर्वांत जास्त साठीपुढची. हिशेब केला तर दर सव्वापाच दिवसांना एक किल्लारी.

गंमत बघा. 2022 मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज आले तेव्हा लोक रात्र-रात्र घराबाहेर बसले. 2024 च्या जुलैत हिंगोलीकडून धक्का बसला तेव्हा नांदेडात सकाळी सकाळी सगळी गल्ली रस्त्यावर. रास्तच आहे, एकदा पोळलेली माणसं आहेत. पण बाथरूमला भिऊन रस्त्यावर आलेलं एकही कुटुंब माझ्या पाहण्यात नाही.

हे पडणं होतं कसं ते एकदा सावकाश बघू. एरवी आम्ही ते बघतच नाही, ‘पाय घसरला’ म्हणून मोकळे होतो. पाय जणू आपला आपण घसरला, फरशीचा त्यात काही हात नाही.

रात्रीचे दोन वाजलेत. एका घरातले आबा जागे होतात. प्रोस्टेट वाढलेलं, रात्रीतली ही तिसरी खेप. रक्तदाबाची गोळी चालू. अशा माणसानं पडल्या जागेवरून ताडकन उठलं की रक्तदाब झटकन खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी कुशीवर व्हा, मग काठावर बसा, पाय खाली सोडून दोन मिनिटं दम खा, मग उठा, एवढं त्यांना कुणी तरी सांगायला हवं होतं. पण त्या दिवशी डॉक्टरांच्या बाकड्यावर चाळीस पेशंट होते. त्यांनी गोळी सांगितली. उठायचं कसं ते राहून गेलं. आबा ताडकन उठतात. लाइटचं बटन दाराजवळ आहे. म्हणजे उजेड करायचा तर आधी अंधारात चालत जायचं. हे ठरवणारा इलेक्ट्रिशियन पंचविशीतला होता, त्याला रात्री उठावं लागत नव्हतं. पलंगाशी पायपुसणं आहे, जुन्या साड्यांच्या चिंध्यांचं, सुनेनं हौसेनं विणलेलं. दिसायला देखणं, आणि त्या टाइलवर पाय पडला की होडीसारखं पुढे जातं. तिथून आबा सावरतात. पुढे मोबाइलच्या चार्जरची वायर. तीही टळते. पायातली स्लीपर टाचेला घासून कागद झालीय, पण ‘आजून एक उन्हाळा निघतोय की.’ चष्मा दुहेरी काचांचा. खालची काच पेपर वाचायची, तिच्यातून पायाखालचं धूसर दिसतं. म्हणजे उंबरा जिथं आहे नेमका तिथंच तो दिसत नाही. आबा पाय उचलतात तो अंदाजानं. आत फरशी ओली, कारण अर्ध्या तासापूर्वी नातू येऊन गेला. तोल जातो. हात भिंतीवर काही तरी शोधतो आणि टॉवेलचा दांडा सापडतो.

दोन बारके स्क्रू.

सकाळी घरच्यांचं मत ठरलेलं असतं, ‘किती वेळा सांगितलं, हाक मारत जा म्हणून!’ रात्रीतून तीनदा कुणाला हाक मारायची आणि तिसऱ्या हाकेला कुणाचा चेहरा कसा होतो, हे आबांना चांगलं माहीत आहे. म्हणूनच ते हाक मारत नाहीत.

आणि कडी! ती राहिलीच. बाथरूमची कडी आतून, दार उघडणार आतल्या बाजूला, आणि आबा पडलेत ते दाराला टेकून. बाहेर सगळं घर जमा. दार ढकलावं तर आबांना लागतं, न ढकलावं तर आत जाता येत नाही. शेवटी शेजारचा एक हडकुळा पोरगा खिडकीच्या काचेच्या पट्ट्या काढून आत उतरतो. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करून घ्यायला सुताराची एक दुपार लागते. बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल अशी कडी बाजारात मिळते. पण हे सुचतं ते हडकुळा पोरगा घाम पुसत बाहेर आल्यावर, आणि तेव्हाही फक्त दोन दिवस.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ऑपरेशन, प्लेट, अंथरूण, पाठीला जखमा, छातीत कफ. खुबा मोडलेली बरीच म्हातारी माणसं वर्षभरात जातात. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलेला असतो. बाथरूम कुणी लिहीत नाही.

लातूरची तऱ्हा आणखी निराळी. ज्या शहराला 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला रिकामं भांडं बघवत नाही. नळ कधी आठवड्यानं, कधी दहा दिवसांनी. म्हणून घरात पाऊल टाकलं की ड्रम. बोळीत ड्रम, जिन्याखाली ड्रम, संडासाच्या दाराशी ड्रम, ड्रमवर झाकण म्हणून पाट, पाटावर घागर, घागरीवर तांब्या. नळ सुटायची वेळ रात्री साडेअकराची असली की ह्या सगळ्यातून हिरवा पाइप पसरलेला आणि त्याच्या सांध्यातून गळणारं पाणी. पाणी साठवू नका असं लातूरकराला सांगण्याइतका मी धाडसी नाही. पण पलंगापासून संडासापर्यंत भिंतीच्या कडेनं एक वाट मोकळी ठेवायला मांजरा धरण भरावं लागत नाही.

त्यात हिवाळा आला की बादलीत हीटरची दांडी. बादली लोखंडी, फरशी ओली, आणि पाणी तापलं का ते बघायला काकू बोट घालणार, बटन चालू ठेवून. ‘अर्थिंग आहे का?’ विचारलं तर उत्तर येतं, ‘आसंलच की.’ वीज कुठं गळायला लागली की क्षणात पुरवठा तोडणारा ब्रेकर मेन बोर्डावर बसतो, आणि गृहप्रवेशाच्या आचाऱ्याला दिलेल्या इसाऱ्यापेक्षा त्याला कमी पैसे लागतात.

लातूर म्हटलं की पॅटर्न आलाच. दहावी झाली की गावोगावची लेकरं शाहू आणि दयानंद कॉलेजच्या आसपास खोल्या शोधत लातूरला येतात. आणि लातूरची लेकरं शिकून पुण्याला, हैदराबादला, त्याही पुढे अमेरिकेला जातात. मागे घरात उरतात दोन म्हातारी माणसं आणि वरच्या मजल्यावर ‘नीट’वाली डझनभर पोरं. वर जायला बाहेरून लोखंडी जिना. राष्ट्रीय बांधकाम संहिता म्हणते, घरातली पायरी 190 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साडेसात इंचांपेक्षा उंच नको आणि पाऊल टेकायला किमान 250 मिलिमीटर जागा हवी. आमचा वेल्डर म्हणतो, ‘जागाच एवढी हाय मालक, नऊ इंच घ्यावी लागंल.’ संहिता दिल्लीत असते, वेल्डर दारात असतो. जिना नऊ इंचांचा होतो. पोरं दोन-दोन पायऱ्या गाळत चढतात. टाकीचा बॉल अडकला की सत्तरीच्या काकू चढतात, एका हातात पदर आणि दुसऱ्या हातात बॅटरी. कठडा एकाच बाजूला, तोही उतरताना डाव्या हाताला. मग एक दिवस काकू पडतात, आणि ज्याच्यासाठी एवढी तपश्चर्या केली तो डॉक्टर मुलगा व्हिडिओ कॉलवर एक्स-रे बघतो. निदान अचूक असतं.

नांदेडच्या जुन्या गल्ल्यांत माणसं पाडायचं काम रस्त्यानंच केलंय. थरावर थर पडून रस्ता वर आला, घर होतं तिथंच राहिलं. पूर्वी ओट्यावर चढून आत जायचे, आता रस्त्यावरून आत उतरायचं. उतरताना मधे नाली, नालीवर एक शहाबादी फरशी, आणि ती डुगडुगते. तिच्याखाली दगडाची कपची सारायचं काम गेल्या दिवाळीपासून ‘बघू’वर आहे. शहाबादीला मी नावं ठेवत नाही. घरातली जुनी शहाबादी खरबरीत होती, कळकट दिसायची, पण पायाला धरून ठेवायची. तिला उखडून आपण आरशासारखी टाइल बसवली आणि म्हाताऱ्यांना सांगितलं, जपून चाला.

आता सगळा दोष पोरासुनांच्या पदरात टाकणं सोपं आहे आणि वाचकांत म्हातारे जास्त असल्यामुळे फायद्याचंही आहे. पण म्हातारी माणसं काही कमी नाहीत. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. काठी हातात घेतली की गाव म्हणणार, गुरुजी थकले. म्हणून गुरुजी छत्री घेतात. मे महिन्यात उन्हासाठी, जुलैत पावसासाठी आणि जानेवारीत ‘असू द्यावी’ म्हणून. छत्रीच्या टोकाला लोखंडी अणी, ती टाइलवर गुरुजींच्या आधी घसरते. काठीच्या बुडाला रबर असतं ते कशासाठी हे गुरुजींनी तीस वर्षं पोरांना घर्षणाच्या धड्यात शिकवलं होतं. कमोडची खुर्ची आणली तर म्हणाले, ‘मला काय धाड भरलीय?’ ती आता गच्चीवर आहे. तिच्यावर वाळवण असतं.

बायकांचा हट्ट आणखी चिवट. लाडवाचा डबा सगळ्यांत वरच्या फळीवर, कारण पूर्वी पोरांपासून लपवायचा असे. पोरं पन्नाशीची झाली, त्यांना साखर निघाली, डबा अजून तिथंच. सण आला की माय स्टुलावर चढते. स्टूल तीन पायांवर उभं, चौथ्याखाली पुठ्ठा. ‘मी काढून देतो’ म्हटलं तर, ‘तुला सापडायचा न्हाई.’ अंगाला तेल चोळून पाटावर बसून आंघोळ, तेलाची ती मोरी कुणी घासायची ह्यावर सासू-सुनेचा जुना वाद, आणि वादाचा निकाल लागेपर्यंत मोरी तशीच. उजेडाचंही तेच. रात्री बारीक दिवा चालू ठेवला तर ‘बिल कोण भरणार?’ अर्ध्या वॅटच्या दिव्याचं महिन्याचं बिल दोन-अडीच रुपयांवर जात नाही. पण ही पिढी दुष्काळातून आलीय, तिला फुकट जळणारा दिवा बघवत नाही, आणि ह्यावर मी तिच्याशी वाद घालणार नाही. उठून बसलं की आपोआप लागणारा, बाहेर पडलं की विझणारा दिवा मिळतो. तो लावून द्यावा आणि गप्प बसावं.

सरकार मागे आहे असं समजू नका. केंद्राची वयोश्री योजना 2017 पासून आहे, काठ्या, वॉकर, कमोड खुर्च्या वाटपाची शिबिरं होतात, मांडव पडतो, वाटणारे जास्त आणि घेणारे कमी असा फोटो येतो. 2024 मध्ये राज्यानं मुख्यमंत्री वयोश्री आणली. 65 वर्षं पूर्ण, घरचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत, तर 3000 रुपये एकदाच, थेट खात्यात. त्यातून काय घ्यायचं त्याची यादी आहे. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर, घडीचा वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेचा पट्टा. माणसाला बांधायचे पट्टे तीन, आणि भिंतीला ठोकायच्या दांड्याचं नाव नाही. म्हणजे माणूस दुरुस्त करायचा, घर आहे तसंच ठेवायचं. व्हीलचेअर मिळालीच तर ती बाथरूमच्या दाराशी येऊन थांबते, कारण दार सव्वादोन फुटी आणि पुढे उंबरा. पुढचा प्रवास ज्याचा त्यानं करायचा.

लातूर जिल्हा परिषदेनं तर 2020 च्या नोव्हेंबरात ठरावच केला होता. जो कर्मचारी आईबापाला सांभाळत नाही त्याचा 30 टक्के पगार कापायचा आणि आईबापाच्या खात्यात टाकायचा. बारा जण सापडले, त्यातले सहा शिक्षक. सात जणांच्या पगाराला कात्रीही लागली. देशभर बातमी झाली. मला तो ठराव मनापासून आवडला होता, अजूनही आवडतो. फक्त एक बारीक शंका आहे. जो मुलगा आईबापाला जवळ ठेवतो, दवाखान्यात नेतो, वेळेवर गोळ्या देतो आणि रात्री आरशासारख्या फरशीवर मोकळं सोडतो, त्याचा काय कापायचा? तो तर चांगला मुलगा आहे. गावात त्याचं उदाहरण देतात. जिल्हा परिषदेला एवढंच सुचवावंसं वाटतं की पगार कापण्याआधी मोरीचा फोटो मागवावा. सगळ्यांच्याच.

भूकंपाचा म्हणून ओळखला जाणारा आणखी एक देश आहे. जपानात एप्रिल 2000 पासून म्हाताऱ्यांच्या देखभालीचा सक्तीचा विमा आहे आणि त्यातून घराच्या डागडुजीला दोन लाख येनपर्यंतच्या खर्चाचा मोठा वाटा मिळतो. कशाला मिळतो ते बघा. आधाराचे दांडे बसवायला. उंबरे आणि पायऱ्यांमधला चढउतार काढायला. घसरणारी फरशी बदलायला. दार सरकतं करायला. बसका संडास बदलून खुर्चीसारखा करायला. झुंबर त्या यादीत नाही. जपान्यांना धरणीकंपाची भीती आपल्यापेक्षा जास्त आहे, पण त्यांनी मोरीलाही तेवढाच मान दिला.

आपल्याकडे विरोध होतो तो वेगळ्याच मुद्द्यावर. ‘घराचा दवाखाना करायचाय का?’ बाथरूमला इटालियन टाइल, त्यावर स्टीलचा दांडा, म्हणजे शोभा गेली. पाहुणे काय म्हणतील? पाहुणे काय म्हणतात ते मी सांगतो. मी अशा दोन-तीन घरी पाहुणा म्हणून गेलोय. पाहुण्यांतले पन्नाशीपुढचे सगळे तो दांडा धरून उठतात आणि बाहेर येऊन त्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत.

दांडा म्हणजे काही फार मोठं शास्त्र नाही, पण थोडं आहे. नळी स्टीलची, मुठीत मावेल अशी, सव्वा ते दीड इंचाची. भिंतीपासून दीड इंच सुटी. त्याहून कमी सुटली तर बोटं मागे जात नाहीत, जास्त सुटली तर घसरलेला हात कोपरापर्यंत आत जाऊन अडकतो. बोल्ट टाइलला नाही, टाइलमागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल गेलेला पाहिजे. रबराच्या वाटीनं भिंतीला चिकटणारे दांडे ऑनलाइन स्वस्त मिळतात, ते कपाटाच्या दाराला लावा. बसवून झालं की मिस्त्रीलाच त्याला लोंबकळायला सांगायचं. तो नको म्हणाला तर समजून घ्यायचं.

आमच्या गल्लीत एका घरी परवा असा दांडा लागला. मुलगा पुण्याला, त्यानं ऑनलाइन मागवला, मिस्त्रीला फोनवर सांगितलं, ‘बाथरूममध्ये एक दांडा बसवायचाय,’ आणि तो मीटिंगला गेला. मिस्त्री आला तेव्हा तिथले आबा वाचनालयात होते. मिस्त्री पावणेसहा फूट, आबा सव्वापाच. मिस्त्रीनं आपल्या मापानं ठोकला. कमोडवर बसून आबांनी हात वर केला तर बोटंही पोचेनात. चार दिवस त्यावर पंचा आणि नातवाची चड्डी वाळत होती. मग मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. ह्या खेपेला आबा कपड्यांनिशी कमोडवर बसले, हात सहज जिथं गेला तिथं टेकवला आणि सुनेनं पेन्सिलनं खूण केली.

‘आदुगरच सांगायचं की वहिनी, आबासाठी हाय म्हणून,’ मिस्त्री भोकं पाडता पाडता म्हणाला. ‘मला वाटलं कापडं टाकायला हाय. माझ्या मायला मी कवाच करून दिलाय. आमचं घर पत्र्याचं, पत्र्याला बोल्ट कुठला धरतोय? साइटवरचा पाइप आणला, मोरीच्या कडंला खड्डा घेतला आन् घमेलंभर काँक्रीटात रोवला. दोन वर्सं झाली, तसूभर हालला न्हाई.’

सुनेनं ही गोष्ट रात्री फोनवर नवऱ्याला सांगितली. त्यानं विचारलं, ‘पाइप कुठल्या कंपनीचा होता?’